त्सुमागो

त्सुमागो : मध्य जपानच्या नागानो प्रांतात, अगदी नैऋत्य टोकाला, किसो नदीच्या खोऱ्यात वसलेले जुने मुक्कामी गाव. आज ते नागिसो या नगरात मोडते. एदो (आताचे तोक्यो) आणि क्योतो यांना डोंगरांतून जोडणाऱ्या नाकासेन्दो या राजमार्गावर ६९ मुक्काम होते. एदोकडून मोजत आल्यास त्सुमागो त्यांतला ४२वा. अशा गावाला जपानीत ‘शुकुबा’ म्हणतात आणि गावाच्या नावापुढे ‘जुकू’ लावतात, म्हणून ‘त्सुमागो-जुकू’ असाही उल्लेख आढळतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी घरांची सलग ओळ, त्यांमागे लगेच चढत जाणारे जंगल, आणि मुख्य रस्त्यावर विजेची एकही तार नाही, असे हे गाव आहे. जपानमध्ये एकेक इमारत न राखता अख्खी वस्ती राखण्याचा विचार ज्या गावांमुळे कायद्यात आला, त्यांत त्सुमागोचे नाव बहुतेक अभ्यासक पहिल्याने घेतात.

नाव आणि प्राचीन वाट

गावाचे नाव लिहिताना वापरली जाणारी दोन चिन्हे ‘पत्नी’ आणि ‘टोपली’ या अर्थांची आहेत. त्यावरून कथा रचण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मात्र जपानी स्थाननामांत चिन्हे पुष्कळदा केवळ उच्चारासाठी घेतलेली असतात, अर्थासाठी नव्हे. ‘त्सुमा’ या उच्चाराला ‘कड, टोक’ असाही जुना अर्थ आहे. किसो खोऱ्याच्या दक्षिण कडेला असलेल्या गावाला तो जास्त शोभतो, पण त्यावरून व्युत्पत्ती सिद्ध झाली असे म्हणता येणार नाही.

किसो खोऱ्यातून वाट केव्हा निघाली, याविषयी ‘शोकु निहोंगी’ या राजवृत्तान्तातील नोंद महत्त्वाची आहे. त्यानुसार इ. स. ७१३ मध्ये किसोची वाट खुली झाली. मात्र ती वाट आजच्या त्सुमागोवरून आणि दक्षिणेकडच्या पुढच्या मुक्कामाच्या, मागोमेच्या, खिंडीतूनच गेली होती का, यावर मतभेद आहेत. प्राचीन काळचा मुख्य राजमार्ग पूर्वेकडच्या मिसाका खिंडीतून जात असे, आणि किसोची वाट बराच काळ दुय्यम राहिली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. याच काळातला दुसरा वाद हद्दीचा. किसो हा मुलूख मिनो प्रांताचा की शिनानो प्रांताचा, हे भांडण दरबारापर्यंत गेले आणि ८७९ मध्ये निकाल मिनोच्या बाजूने लागला. मध्ययुग संपेपर्यंत किसो शिनानोत, म्हणजे आजच्या नागानोत, गणला जाऊ लागला. हा प्रश्न इतिहासजमा झाला असे वाटत असतानाच, २००५ मध्ये शेजारचे मागोमे ज्या यामागुची गावात होते ते गाव नागानो प्रांत सोडून गिफू प्रांतातल्या नाकात्सुगावा शहरात विलीन झाले. गिफू म्हणजे जुना मिनो. त्यामुळे त्सुमागो ते मागोमे ही प्रसिद्ध पायवाट आज खिंडीच्या माथ्यावर प्रांताची सीमा ओलांडते.

गावाच्या उत्तरेला टेकडीवर त्सुमागोच्या किल्ल्याची जागा आहे. १५८४ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी आणि तोकुगावा इएयासू यांच्यातल्या कोमाकी-नागाकुते मोहिमेत किसोकडच्या यामामुरा योशिकात्सू याने मोजक्या माणसांनिशी तो तोकुगावांच्या सैन्यापुढे लढवला. आता तेथे चर, मातीचे उंचवटे आणि दरीचा देखावा तेवढा उरला आहे.

राजमार्गाचा काळ

तोकुगावांनी १६०१–०२ च्या सुमारास राजमार्गांवर मुक्कामांची व्यवस्था लावली, तेव्हा त्सुमागोला मुक्कामाचा दर्जा मिळाला. नाकासेन्दोचे ‘६९ मुक्काम’ हा आकडा रूढ असला तरी शेवटचे दोन, कुसात्सू आणि ओत्सू, हे तोकाइदो या किनाऱ्याच्या मार्गाशी सामाईक आहेत. काटेकोर मोजल्यास ६७ भरतात. मार्गाच्या नावातील मधले चिन्ह ‘डोंगर’ असे लिहावे की ‘सिद्धपुरुष’ असे, हाही घोळ होता. १७१६ मध्ये शोगुनशाहीने (तोकुगावा घराण्याच्या लष्करी राजवटीने) ‘डोंगर’ हे चिन्ह अधिकृत ठरवले.

प्रत्येक मुक्कामाने सरकारी प्रवाशांसाठी हमाल आणि घोडे तयार ठेवायचे असत. नाकासेन्दोवरचा सर्वसाधारण दंडक ५० माणसे आणि ५० घोडी असा होता. किसोतील अकरा मुक्कामांना, जमीन कमी आणि वस्ती विरळ म्हणून, २५ माणसे आणि २५ घोड्यांची सवलत होती. एवढेही जड जाई. मोठी स्वारी आली की आसपासच्या खेड्यांवर वेठ पडे. १८६१ मध्ये सम्राटाची बहीण कझुनोमिया शोगुनशी विवाहासाठी क्योतोहून एदोला याच मार्गाने गेली, तेव्हाचा ताफा किसोच्या लोकांच्या आठवणीत पिढ्यान्‌पिढ्या राहिला.

१८४३ च्या सुमाराच्या सरकारी पाहणीत त्सुमागोत ८३ घरे आणि ४१८ माणसे नोंदली आहेत. एक ‘होन्जिन’ (सरदार आणि अधिकारी यांच्यासाठीचा मुख्य वाडा), एक ‘वाकिहोन्जिन’ (दुय्यम वाडा) आणि ३१ ‘हातागो’ (जेवणासह राहण्याची सोय असलेल्या खाणावळी) होत्या. म्हणजे दर तीन घरांमागे एकाहून अधिक घर प्रवाशांवर जगत होते. इना खोऱ्याकडे जाणारा इइदाचा रस्ताही गावाच्या दक्षिणेला फुटतो, त्यामुळे मीठ, धान्य, लाकडी भांडी यांची वाहतूक येथे मिळे.

१६१५ पासून किसोचे जंगल ओवारी (नागोया) जहागिरीकडे होते. हिनोकी, सावारा, नेझुको, आसुनारो आणि कोयामाकी या पाच जातींची झाडे तोडायला लोकांना सक्त मनाई होती. ‘एका झाडाला एक मुंडके’ ही त्या काळची म्हण सर्वत्र सांगितली जाते. शिक्षा दर वेळी तितकी कठोर होती का, यावर दुमत आहे. पण हिनोकीच्या रानात राहून हिनोकीचे घर बांधता येत नव्हते, एवढे निश्चित. हा मुद्दा गावातल्या सर्वांत देखण्या इमारतीचे वय समजायला लागतो, म्हणून तो इथे नोंदवला.

ऱ्हास

१८६८ मध्ये शोगुनशाही जाऊन सम्राटाची मेइजी राजवट आली आणि तीत मुक्कामांची पद्धत बंद झाली. पुढे रेल्वे आली. १९०९ मध्ये किसो नदीकाठी मिदोनो (आताचे नागिसो) स्थानक सुरू झाले आणि १९११ मध्ये मध्यवर्ती चुओ मार्ग पूर्ण झाला. रेल्वे आणि नंतरचा मोटाररस्ता दोन्ही नदीच्या काठाने गेले. त्सुमागो नदीपासून आत, एका उपनदीच्या अंगाला राहिले. होन्जिनचे घराणे पांगले आणि तो वाडा पाडला गेला. तरुण माणसे शहरात गेली. घरे बदलायला पैसा नव्हता म्हणून ती बदलली नाहीत. अनेक लेखक गाव ‘टिकले’ असे लिहितात, त्यामागची मूळ गोष्ट ही गरिबीची आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. १९६१ मध्ये त्सुमागो ज्या आझुमा गावात होते ते योमिकाकी आणि तादाची यांच्याशी मिळून नागिसो नगर झाले, त्या वेळी या ओळीतली कित्येक घरे गळत होती, काही रिकामी होती.

जतनाची सुरुवात आणि ‘पहिले कोण’ हा प्रश्न

१९६० च्या दशकात गावकऱ्यांनी घराघरांतल्या जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. १९६७ मध्ये वाकिहोन्जिनचा वाडा संग्रहालय म्हणून खुला झाला. १९६८ हे मेइजी राजवटीचे शताब्दी वर्ष. त्यानिमित्त नागानो प्रांताने त्सुमागोची घरे दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. वास्तुइतिहासकार ओता हिरोतारो यांचे मार्गदर्शन होते आणि नगरकचेरीतले कोबायाशी तोशिहिको यांनी गावाच्या बाजूने हे काम रेटले. सुरुवात गावाच्या दक्षिणेकडच्या तेराशिता (‘देवळाखालची’) आळीपासून झाली. वाडे बाजूला ठेवून आधी हमालांची, छोट्या दुकानदारांची, स्वस्त मुक्कामांची घरे घेतली, हा निर्णय आजही थक्क करणारा वाटतो. तीन वर्षांत वीसहून अधिक घरे उभी राहिली.

त्याच १९६८ मध्ये ‘त्सुमागोवर प्रेम करणारी मंडळी’ या अर्थाच्या नावाची रहिवाशांची संघटना निघाली. १९७१ मध्ये गावाने स्वतःसाठी सनद लिहिली. तिचा गाभा तीन शब्दांत आहे : ‘उरानाइ, कासानाइ, कोवासानाइ’, म्हणजे विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, मोडायचे नाही. घर, वाडीची जमीन, शेत आणि रान या साऱ्यांना हे लागू होते. बाहेरचा पैसा येऊन दर्शनी भाग तसाच राहील आणि मागचे गाव निघून जाईल, ही भीती त्यांनी फार लवकर ओळखली होती. त्याच वर्षी शिराकावा-गोच्या ओगिमाची वस्तीनेही हीच तीन तत्त्वे स्वीकारली.

त्सुमागो जपानमधील ‘पहिले’ राखलेले गाव, हे विधान माहितीपत्रकांत सरसकट आढळते. ते जपून घ्यावे. कुराशिकी येथे १९४८ मध्येच जुन्या धान्यकोठारांत लोककला संग्रहालय सुरू झाले होते आणि कालव्याकाठची वस्ती राखण्याचा विचार तेथे युद्धानंतर लगेच रुजला. ताकायामाच्या जुन्या पेठेतही रहिवाशांनी १९६० च्या दशकात संघटना काढली होती. कामाकुरातील डोंगर उकरण्याविरुद्ध झालेल्या चळवळीतून १९६६ मध्ये प्राचीन राजधान्यांसाठी कायदा आला, पण त्याचा रोख भूदृश्यावर होता, राहत्या घरांवर नव्हे. कानाझावा आणि कुराशिकी या दोन्ही शहरांनी १९६८ मध्ये पारंपरिक परिसर राखण्याचे नियम केले. म्हणजे केवळ सनावळीने पाहिल्यास त्सुमागो एकटे नाही आणि सर्वांत आधीही नाही. वेगळेपण दुसरीकडे आहे. तेथे दुरुस्ती, रहिवाशांची लेखी बांधिलकी आणि ओसाड पडत चाललेल्या गावाला पर्यटनातून उत्पन्न, या तीन गोष्टी एकत्र आणि ठरवून केल्या गेल्या. ‘पहिले’ याऐवजी ‘नमुना ठरलेले’ म्हणणे जास्त बरोबर होईल.

१९७५ मध्ये सांस्कृतिक वारसा संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन ‘पारंपरिक इमारतींच्या समूहांचे संरक्षित क्षेत्र’ हा नवा प्रकार निर्माण झाला. १९७६ मध्ये राष्ट्रीय पातळीवर निवडलेल्या पहिल्या सात क्षेत्रांत त्सुमागो होते. बाकीची काकुनोदाते, शिराकावाचे ओगिमाची, क्योतोतील दोन आणि हागीतील दोन. आज अशी क्षेत्रे सव्वाशेहून अधिक आहेत. त्सुमागोचे क्षेत्र सुमारे १,२४५ हेक्टर भरते. घरांची ओळ तर काही मिनिटांत चालून संपते. मग एवढे क्षेत्र कशाचे? रस्त्यावर उभे राहून जिकडे नजर जाईल तो डोंगर, मधली शेतीची वस्ती, आणि मागोमे खिंडीपर्यंतची जुनी वाट, हे सारे त्यात घेतले आहे. गावामागच्या रानात इमारत उठली तर गावाचे चित्र मोडेल, हे साधे गणित होते.

घरांची बांधणी आणि दुरुस्तीचा वाद

घरे रस्त्याकडे अरुंद आणि आत खोल आहेत. वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे, बाहेर काढलेल्या तुळयांवर उभा असतो. पुढे उभ्या पट्ट्यांची जाळी, तीही दाट. आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आत दिसत नाही. एका कडेने मातीच्या भुईची बोळ थेट परसापर्यंत जाते.

छपराचे तंत्र मुद्दाम पाहावे. लाकडाचा ओंडका करवतीने न कापता रेषेरेषेने फोडून पातळ फळ्या काढत. फोडलेल्या फळीचे तंतू अखंड राहतात म्हणून पाणी आत मुरत नाही. त्या एकावर एक सरकवून मांडायच्या, वर आडवे दांडे ठेवायचे आणि दांड्यांवर नदीतले गोटे. खिळा महाग, लाकूड आणि दगड हाताशी. गोटे घरंगळू नयेत म्हणून छपराचा उतार सौम्य ठेवावा लागे. अशा छपराच्या फळ्या ठरावीक वर्षांनी उलथून किंवा बदलून पुन्हा मांडाव्या लागतात. त्यामुळे आज बऱ्याच घरांवर गडद रंगाचा पत्रा आहे आणि गोट्यांचे छप्पर निवडक घरांवरच दिसते.

दुरुस्तीच्या वेळी घर पुरते उकलून, सांधे तपासून, कुजलेला भाग तेवढा बदलून पुन्हा उभारण्याची पद्धत वापरली गेली. खांबांवरच्या जुन्या खाचांवरून मूळ भिंत कोठे होती हे कळते. मात्र मेइजीनंतर जोडलेल्या काचा, दुकानांचे नवे दर्शनी भाग काढून एदोकाळचे (तोकुगावा शोगुनशाहीच्या काळाचे) रूप परत आणले गेले, यावर टीका झाली आहे : मधली शंभर वर्षे पुसली गेली, असा तिचा सूर. आक्षेप खोटा नाही. तरीही ज्या घरांचे वासे कोसळण्याच्या बेतात होते तेथे ‘आहे तसे ठेवणे’ हा पर्यायच नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. अभ्यागताने एवढे ध्यानात ठेवावे की येथे दिसणारे रूप विचारपूर्वक निवडलेले आहे.

गावातून फेरी

उत्तरेकडून शिरताना प्रथम ‘कोइ-इवा’ हा मोठा खडक लागतो. त्याचा आकार कोइ माशासारखा होता आणि १८९१ च्या नोबी भूकंपात तो बिघडला, असे सांगतात. पुढे जुन्या चौकीची जागा, पाणचक्की आणि ‘कोसात्सुबा’, म्हणजे शोगुनशाहीचे हुकूम लाकडी फळ्यांवर लिहून टांगण्याची जागा. आताच्या फळ्या नव्याने केलेल्या आहेत. त्या डोक्याच्या बऱ्याच वर आहेत. वाचणाऱ्याला मान वर करावीच लागते.

वाकिहोन्जिन ‘ओकुया’ हे हायाशी घराण्याचे घर. मद्य गाळण्याचाही त्यांचा व्यवसाय होता. आताची इमारत १८७७ ची, म्हणजे मुक्कामांचा काळ संपल्यानंतरची. हिनोकीवरची बंदी उठल्यावर या घराण्याने संपूर्ण हिनोकीत, एखाद्या गढीच्या दिमाखाने हे घर बांधले. २००१ मध्ये ते राष्ट्रीय महत्त्वाचा सांस्कृतिक वारसा ठरले. १८८० मध्ये मेइजी सम्राटाने दौऱ्यात येथे थोडा विसावा घेतला होता. आत शिरताच जमिनीत खोदलेली चौकोनी चूल, ‘इरोरी’, दिसते. तिच्याभोवती कोणी कोठे बसायचे हे ठरलेले असे. घरधन्याची बाजू वेगळी, पाहुण्याची वेगळी, घरच्या बायकांची वेगळी. चुलीचा धूर वर जाऊन तुळयांना काजळी धरवी आणि तीच लाकडाला किडीपासून राखी. हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा उंच खिडकीच्या गजांतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या उतरतात. धुरात त्या घट्ट, हाताने धराव्यात अशा दिसतात आणि काळ्या फळ्यांवर चुलीच्या दिशेने हळूहळू सरकतात. ऋतू निवडता येत असेल तर एवढ्यासाठी तरी थंडीत यावे.

समोरचे होन्जिन १९९५ मध्ये एदोकाळच्या उत्तरार्धातील आराखड्यावरून पुन्हा बांधलेले आहे. आराखडा विश्वसनीय असला तरी इमारत नवी आहे, आणि ओकुयाशी तिची तुलना करू नये. हे शिमाझाकी घराण्याचे घर. कादंबरीकार शिमाझाकी तोसोन (१८७२–१९४३) यांचा जन्म मागोमेच्या होन्जिनमध्ये झाला, पण त्यांची आई या घरची, आणि त्यांचे एक वडील बंधू येथे दत्तक येऊन शेवटचे मालक ठरले. त्यांच्या ‘योआके माए’ (‘पहाटेपूर्वी’) या कादंबरीत किसोच्या मुक्कामांचा ऱ्हास आहे; गावाकडे देशाचे लक्ष वेधण्यात तिचा मोठा वाटा मानतात.

त्यानंतर रस्ता एकाएकी दोनदा काटकोनात वळतो. हे ‘मासुगाता’ : शत्रू सरळ घुसू नये म्हणून मुद्दाम घातलेले वळण. जुनी वाट येथे दगडी पायऱ्यांनी खाली उतरते. वर कोतोकुजी हे झेन मंदिर आहे. तेथे चाके लावलेली एक पालखी जपून ठेवली आहे. तिला माणसाने ओढायच्या रिक्षेची आद्य आवृत्ती म्हणतात. तोक्योत १८६९–७० च्या सुमारास निघालेल्या ‘जिनरिकिशा’शी तिचा थेट संबंध दाखवणारा पुरावा मात्र नाही. त्या जपानी शब्दाचाच अपभ्रंश मराठीत ‘रिक्षा’ म्हणून आला आणि माथेरानच्या लाल वाटांवर माणसांनी ओढलेल्या रिक्षाही त्याच कुळातल्या, म्हणून मराठी वाचकाला ही पालखी विशेष जवळची वाटावी.

मंदिराखालच्या तेराशिता आळीत ‘शिमो-सागाया’ आणि ‘कामी-सागाया’ ही दोन घरे उघडी असतात. पहिले सामान्य माणसाचे, चाळीसारख्या ओळीतले एक बिऱ्हाड. दुसरे अठराव्या शतकाच्या मध्यातले ‘किचिन-यादो’. ‘किचिन’ म्हणजे लाकडाचे दाम : प्रवासी आपला शिधा घेऊन येई, जळणापुरते पैसे देई, स्वतः रांधून एका मोठ्या खोलीत सगळ्यांबरोबर आडवा होई. वाडे पाहून थकलेल्यांनी ही दोन घरे टाळू नयेत. राजमार्गावर चालणाऱ्या बहुसंख्य लोकांची रात्र अशाच छपराखाली जात असे.

दिवसा ठरावीक वेळेत मुख्य रस्ता मोटारींना बंद असतो. पाट्या लाकडी, तारा घरांमागून नेलेल्या. दुकानांत हिनोकीच्या पातळ पट्ट्या विणून केलेल्या टोप्या, लाकडी वाट्या, आणि भात कुटून काठीवर थापून अक्रोड आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण) यांचा लेप लावून भाजलेला ‘गोहेइमोची’ मिळतो. संध्याकाळी दिवसाचे पाहुणे परततात आणि दुकाने लवकर मिटतात. लोकसंख्या घटते आहे, घरमालक म्हातारे होत आहेत, आणि भाड्याने न देण्याचा नियम असल्यामुळे रिकामे घर बाहेरच्या कोणाला देता येत नाही. सनदेची ही किंमत गाव आजही मोजते आहे.

मागोमेची वाट

त्सुमागो ते मागोमे अंतर सुमारे ८ किमी., वेळ अडीच-तीन तास. मागोमे उंचावर असल्याने तिकडून निघणे सोपे. खिंड सुमारे ८०० मी. उंचीवर आहे. वाटेत ओदाकी-मेदाकी (‘नर’ व ‘मादी’) हे जोडधबधबे आणि इचिकोकु-तोचि येथील जुने चहाघर लागते. स्थानिक मंडळी वाटसरूंना तेथे चहा देतात. त्याच्या जवळच लाकडाच्या चोरट्या वाहतुकीवर नजर ठेवणारी ओवारी जहागिरीची चौकी होती. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून वाटेवर जागोजागी घंटा टांगल्या आहेत. त्या वाजवत चालावे. मागोमे १८९५ आणि १९१५ च्या आगींत जळाले. तेथील दगडी चढ सुंदर आहे, घरे मात्र बहुतांशी नंतरची.

नागोयाहून चुओ मार्गाने नागिसो स्थानकावर उतरून बसने किंवा सुमारे तासाभराच्या चालीने त्सुमागोला पोहोचता येते. स्थानकाजवळ किसो नदीवर मोमोसुके हा २४७ मी. लांबीचा लाकडी झुलता पूल आहे. जलविद्युत केंद्र उभारण्यासाठी तो १९२२ मध्ये बांधला गेला. दरवर्षी २३ नोव्हेंबरला गावकरी एदोकाळच्या वाटसरूंचे वेश करून त्सुमागोच्या रस्त्यावरून मिरवणुकीने चालतात.